सातचा हललेला पाय

पाटी माझ्या मुलाने लावली, तीही बरोबर माझ्या डोक्यावर. 'डायल रंगवून मिळणार नाही.' एकतीस वर्षं मी याच दुकानात घड्याळांच्या तबकड्या रंगवल्या. नवरा यंत्र दुरुस्त करायचा आणि मी मागच्या टेबलाशी बसून जुना रंग उतरवायची, चार केसांच्या कुंचल्याने आकडे काढायची. लोक म्हणायचे, बाई, अगदी नवं करून द्या. मी द्यायची. त्याच कामावर या मुलाचं शिक्षण झालं. आता म्हणे जुनी घड्याळं जमवणाऱ्यांना रंगवलेली डायल चालत नाही, पाटी बघून त्यांचा विश्वास बसतो. म्हणजे माझी एकतीस वर्षं गेली चुलीत!

या जमवणाऱ्यांतले मोठे म्हणजे दातांचे एक डॉक्टर. लोकांचे पिवळे दात पांढरे करून देणाऱ्या या माणसाला घड्याळ मात्र पिवळंच लागतं. खरं सांगायचं तर त्यांची आवड मला कळते. एकदा त्यांनी आपली मखमली पेटी उघडून दाखवली होती. कुठे पांढऱ्या तबकडीचा रंग दुधाळ चहासारखा झालेला, कुठे काट्याखाली डाग पडलेला, कुठे काच ओरखड्यांनी भरलेली. "हे कुणाच्यातरी हातावर राबलंय," ते म्हणाले. "घाम प्यायलंय. नव्यात काय आहे?" मला पटलं. पण पुढच्याच दमात म्हणाले, "या डायल रंगवणाऱ्यांनी किती घड्याळांचं वाटोळं केलं. कसाई लेकाचे!" आणि माझा मुलगा मान डोलावत होता. मी तिथेच बसले होते हो, दोन हातांच्या अंतरावर!

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी एक घड्याळ तेलपाण्याला दिलं. मुलाने तबकडी उतरवली, टेबलावर पालथी ठेवली आणि एकदम थांबला. मी चष्मा सावरून वाकले. तबकडीच्या पाठीवर सुईने कोरलेलं बारीक वर्तुळ, त्यात टिंब. माझी खूण. रंगवलेल्या प्रत्येक तबकडीच्या पाठीवर मी ती करायची. सुलटी करून बघितली. पिवळी पडलेली, कडेला तडे गेलेले, आणि सातचा पाय खाली येताना हललेला. तो सात मी विसरणं शक्यच नव्हतं.

"ही माझी आहे," मी म्हणाले.

"माहितेय. डॉक्टरांना काही बोलू नकोस, आई."

"का? चोरी केली का मी?"

"ओरिजिनल म्हणून घेतलीय त्यांनी. कौतुकाने सगळ्यांना दाखवतात. कशाला उगाच विरस करायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. घड्याळ मनगटावर बांधलं आणि माझ्यापुढे हात धरला. "आजी, हा सात बघा. कारखान्यात हाताने आकडे काढायचे, तेव्हाचा आहे. कारागिराचा हात जरासा हललाय. हीच तर गंमत! रंगवणाऱ्यांना असा जिवंत आकडा जन्मात जमायचा नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो हात माझा होता," मी म्हणाले. "हा माझा पोरगा तेव्हा दीड वर्षाचा होता. टेबलाखाली खेळत होता. उठायला गेला, टेबलाला कपाळ आपटलं आणि भोकांड पसरलं. आकडा पुसून पुन्हा काढायला हवा होता, पण याला आधी उचलला. तोवर रंग वाळला."

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले. "काय म्हणतायत या?" त्यांनी मुलाला विचारलं.

मुलाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आईचं वय झालंय हो डॉक्टर. कधीकधी घोटाळा होतो तिचा."

"मग उघड ना ते झाकण!" मी ओरडले. "तबकडी काढ. पाठ दाखव त्यांना."

डॉक्टरांनी दुसऱ्या हाताचा पंजा घड्याळावर ठेवला. त्यांच्याही मनात पाल चुकचुकली होती, मला दिसत होतं. "नको, नको. आता छान चालतंय, कशाला उघडायचं?" आणि मग, जणू मी बहिरीच आहे, अशा मोठ्या आवाजात ते मला म्हणाले, "तब्येतीला जपा हं, आजी!" गेले.

तबकडीचं वय झालं, तर ती मखमलीत. तिला रंगवणाऱ्या बाईचं वय झालं, तर तिचं बोलणं खोटं. अरे, आम्ही दोघी बरोबरच पिवळ्या पडलो ना!

"मी विसरते का रे?" मी मुलाला विचारलं.

तो पेचकस पुसत बसला. पण त्याचा हात आपोआप डाव्या भुवईवर गेला. टेबलाची कड लागली होती ती खूण तिथे अजून आहे. "धंदा आहे, आई," तो पुटपुटला आणि जेवायला निघून गेला.

मी पाटी खिळ्यावरून काढली आणि टेबलावर आडवी ठेवली. कितीतरी वर्षांनी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. हात थरथरत होता. थरथरेना का, पुसायला तसाही हात चालतो. शेवटचा शब्द पांढऱ्याखाली घालवला आणि कोपऱ्यात एक वर्तुळ काढलं, त्यात टिंब.

तो परत आला तेव्हा पाटी जागेवर होती, ओली. 'डायल रंगवून मिळणार.'

"आई! हे काय केलंस?"

"मी?" मी म्हणाले. "मला कुठलं आठवतंय, बाळा. वय झालंय माझं."