ढब्बूची गाठ

सकाळी पावणेआठला नवऱ्याने जाहीर केले, की कुत्र्याचा आरोग्य विमा काढायचा.

बायकोने कप खाली ठेवला. हा माणूस विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे बहुतेक नाकारतो. जनावरांचा विमा म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले, हे त्याने घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेले. ढब्बूच्या काखेत गाठ लागली आणि साहेबांचे मत फिरले.

"मी आज दवाखान्यात नेते त्याला," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? डॉक्टरने एकदा लिहिलं, की तो आधीपासूनचा आजार झाला. मग कंपनी छदाम देणार नाही. आधी पॉलिसी. नियमाप्रमाणे महिनाभर थांबायचं. मग गाठ."

"गाठीला सांगितलंत का हे?"

"तो शब्द घरात नको. फोनवर तर मुळीच नको."

"मग काय म्हणू, पाहुणी?"

तो हसला नाही. त्याची खरी अडचण वेगळीच होती. गाठ सापडली त्या दिवशी कामाच्या सवयीने त्याने शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला, खाली तारीख घातली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. लोकांकडून तो अस्साच पुरावा मागतो. आता एकेकाला फोन करून पुसायला लावत होता.

"आत्या, फोटोवर बोट दाबून धर. माझ्या नाही गं, कुत्र्याच्या."

आत्याने बहुधा तब्येतीची चौकशी केली. "कुठे काय, ठणठणीत आहे," तो म्हणाला. पायाशी ढब्बू पुढचा पाय उचलून उभा होता.

एवढी हुशारी, आणि तीही स्वतःच्याच कुत्र्याला फसवायला. तिने पट्टा घेतला आणि त्याचा फोन चालू असतानाच बाहेर पडली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली. "कधीपासून आहे?"

"तीन आठवडे. लिहून घ्या."

"इतके दिवस काय करत होतात?"

"पहिल्यांदा वाटलं, आपोआप जिरेल. मग आमचे हे नियम वाचत बसले."

बाईंनी सुईने गाठीतले थोडे पाणी काढून तपासायला पाठवले. ढब्बूने बाईंचा हात चाटला.

ती घरी आली तेव्हा नवरा कॉम्प्युटरसमोर होता. अर्जातला प्रश्न पडद्यावर तसाच होता: प्राण्याला सध्या काही त्रास आहे का?

"सांगितलंस तिथे?" त्याने मान न वळवता विचारले.

"सगळं."

संध्याकाळपर्यंत अर्ज त्याने भरलाही नव्हता, बंदही केला नव्हता. रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे.