पेटीतला ओला स्पंज

पोरगा अभिमन्यू वारल्यावर त्याची गिटार सुरेखानं कुणाला दिली नाही. धारूरच्या डोंगराकडेला त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. आतल्या खोलीत, भिंतीपासून हातभर लांब, फळीवर ती पेटीत ठेवलेली असे. बीडला कॉलेजात असताना त्यानं ती घेतली होती, आणि सुट्टीला आला की आईला तिची निगा शिकवायचा.

"आई, हे लाकूड लई नाजूक हाय. कोरड्या हवेत तडकतं, पावसाळ्यात फुगतं. कोरड्या दिवसांत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत स्पंज ठेवायचा, भिजवून घट्ट पिळलेला. पावसाळ्यात तो काढून ओल शोषायच्या पुड्या. तारा जरा सैलच बऱ्या."

पेटीत हवेतली ओल मोजायचं एक छोटं मीटरही होतं. त्याचा काटा पन्नासच्या आसपास राहिला पाहिजे, एवढं सुरेखाला पाठ झालं होतं.

तापानं चार दिवसांत पोरगं गेलं. त्यानंतर एक हंगाम नवरा-बायको ऊसतोडीला गेलेच नाहीत. पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर निघावं लागलं. सुरेखानं माठ रिकामा करून पालथा घातला, कुलूप लावलं आणि चावी शेजारच्या रतनबाईच्या हातात दिली.

"मावशी, आठवड्याला तेवढा स्पंज भिजवा."

रतनबाईनं मान हलवली.

ते परतले एप्रिलात. अंगणातली तुळस वाळून काडी झाली होती. दारात पाय ठेवताच पत्र्याची धग अंगावर आली. सुरेखा तशीच आत गेली. तिनं पेटी उघडली आणि डबी हातात घेतली. स्पंज ओला होता. काटा अठ्ठेचाळीसवर. लाकडाला कुठं चीर नव्हती.

तिला भरून आलं. ती थेट रतनबाईकडं गेली, मागोमाग नवरा भागवत. "मावशी, तुमी लई जपलं बघा."

रतनबाई पदराशी चाळा करत राहिली. "सुरेखा, खोटं कशाला बोलू? मी कुलूप काढलंच न्हाई. गेलेल्या पोराची वस्तू, माझा हातच धजंना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण दुपारचं तुमच्या घरातून ओलं कापड पिळल्यागत आवाज यायचा. आठवड्याला एकदा. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणी आलंय."

दोघं घरात परतले. आतल्या खोलीत चुलीजवळचा माठ सरळ उभा होता. त्यात वीतभर पाणी होतं, गार, ताजं.

भागवतनं पत्र्यावर चढून खिळे तपासले, कुलूप उन्हात धरून पाहिलं. "कुणी तरी शिरलं असंल," तो म्हणाला. पण माठ सोडला तर घरातली एक वाटीसुद्धा हलली नव्हती.

सुरेखानं माठ ओतून दिला, परत पालथा घातला. स्पंज दिवसभर उन्हात वाळवला. कडक झाल्यावर डबीत घालून पेटी लावली.

पाचव्या दिवशी भागवत मांजरसुंब्याला गेला होता. दुपारी ती बाहेरच्या खोलीत पडली होती. डोळा लागला नव्हता. आधी आतून मातीवर माठ टेकल्याचा आवाज आला. मग थेंब. हळूहळू, एकेक. कुणी तरी मुठीत काही दाबत होतं, थांबत होतं, परत दाबत होतं. उठावंसं वाटत होतं, पण उठली तर आवाज थांबेल याचीही भीती होती.

शेवटी ती उंबऱ्याशी गेली. आत डोकावली नाही. भिंतीला पाठ टेकून म्हणाली, "अभ्या, एवढ्या उन्हात कशापायी येतोस रं? मी हाय की आता. मी भिजवीन."

थेंब थांबले.

नंतरच्या आठवड्यात काटा पस्तिसावर उतरला. स्पंज खडखडीत वाळला होता. सुरेखा तो हातात घेऊन खूप वेळ रडली, मग भिजवून तिनं घट्ट पिळला.

पुढच्या दिवाळीत ऊसतोडीचा मुकादम दारात आला तेव्हा तिनं सांगितलं, "यंदा आमचा कोयता न्हाई, आमी तोडीला येत न्हाई." तिला वाटलं होतं, भागवत भांडेल. पण त्यानं धारूरच्याच एका ढाब्यावर काम धरलं.

आजही दुपारचा घरी आला की तो बाहेर चपला काढतो, आत कुणी असल्यासारखा दाराशी थांबून खाकरतो, आणि थोडं थांबून मगच आत येतो.