गोंदलेलं नाव

डॉक्टर पितांबरांनी चिमट्यानं बाभळीचा काटा ओढून बशीत टाकला. पिकलेल्या बोटातून पू आला, तरी वच्छलाबाईनं हूं की चूं केलं नाही. खेड्यातून बाजाराला धुळ्यात आलेली ही बाई एकटीच दवाखान्यात आली होती. पट्टी बांधून त्यांनी वही पुढं ओढली.

"नवऱ्याचं नाव?"

"नाव कशी लेऊ, भाऊ?" तिनं डावा हात पुढं केला. "आठे लिखेल शे."

बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण गोंदलेली अक्षरं पसरून निळा डाग झाला होता. शेवटचा 'ल' तेवढा ओळखू येत होता.

"घरात दुसरं कोणी?"

"कोनी नही. बठ्ठा पिलेगमा गयात. गावमा त्यासले नानाच म्हनेत." नवऱ्यासकट सगळं घर प्लेगानं नेलेली ती डागाकडे बघत राहिली. "पुसाई गयं का, भाऊ?"

डॉक्टरांना शास्त्र सांगायची भारी हौस. ऐकणारं मात्र सहसा मिळत नसे.

"पुसलं नाही. काट्यावर रक्तातले शिपाई धावून आले, म्हणून पू झाला. ही शाई मात्र कातडीतल्या साध्या पेशींनीसुद्धा गिळलीय. त्या शिपाई नव्हेत, घरकामातल्या. त्यांना ती पचत नाही, टाकवतही नाही. एक मेली की शेजारची उचलते. त्यात अक्षरं जराशी सरकतात, एवढंच."

"म्हंजे एक मरनी तरी दुसरी धरी ठेवस?"

"हो."

"मना मांगे कोन धरी?"

 डॉक्टरांनी तिचा हात खिडकीच्या उजेडात धरला.

"रतिलाल?"

तिनं मान हलवली.

"हिरालाल?"

नाही.

"झुलाल?"

वच्छलाबाईनं लगबगीनं पदर कपाळापर्यंत ओढला, दारातून नवराच आत आल्यासारखा. वीस-बावीस वर्षांत ते नाव तिच्या कानावर पडलं नव्हतं. डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं.

"आखो एकदाव म्हना, भाऊ."

"झुलाल," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या बाजाराला ती परत आली. बोट केव्हाच बरं झालं होतं, पट्टीही नव्हती. तरी ती रांगेत बसून राहिली, आणि पाळी आल्यावर तिनं डावा हात टेबलावर ठेवून पदर सारखा केला.