टाकीतला आडपडदा

मी एक जुना आडपडदा आहे. मित्रांनो, 'आडपडदा न ठेवता बोला' असं मोठी माणसं म्हणतात, तेव्हा मला जरा लागतं. मी कधी कुणाचं बोलणं अडवलेलं नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा, अंगभर भोकं असलेला मी एक तक्ता आहे आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन माशांच्या मध्ये उभं राहणं हे माझं काम.

पाट्या तयार करणाऱ्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. एका दवाखान्याच्या पाटीची अक्षरं कापून झाल्यावर जो तुकडा उरला, तो मी. चष्मेवाल्या दादांनी मला उचलून दुकानात नेलं आणि बिनफ्रेमच्या काचांना भोकं पाडायच्या यंत्राखाली धरलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी भोकं पाडली. दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. पण भोकांशिवाय पाणी खेळत नाही, आणि पाणी खेळलं नाही तर मासे जगत नाहीत.

दादांचं दुकान खाली आणि घर वर. बैठकीच्या खोलीत पाच फुटी टाकी होती आणि तिच्यात वीतभर लांबीचा एकच ट्रिगर मासा. वहिनी त्याला 'सासरेबुवा' म्हणत. कुणी जवळ आलं की तो खरोखर घुरघुरायचा, आणि तोंडात दगड धरून टाकीतलं सामान मनासारखं लावायचा. माशांच्या दुकानदाराने दादांना बजावलं होतं, "भांडखोराला सगळ्यांत शेवटी सोडा. आधी सोडलात तर टाकी त्याच्या नावावर होते." दादा रंगावर भाळले आणि त्यालाच आधी आणून बसले. पुढे आणलेले दोन मासे त्याने चार दिवसही टिकू दिले नाहीत. तेव्हापासून सासरेबुवा एकटेच.

मग दादांच्या थोरल्या ताई आल्या. त्या राहत होत्या ती इमारत पाडायला घेतली होती. दोन पिशव्या आणि एक झाकणाची बादली घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खोली मिळेपर्यंत राहते." बादलीत त्यांनी सहा वर्षं जपलेली पिवळी होती. टोकदार तोंडाची, पाठीवर काट्यांची रांग असलेली, शेवाळ खाणारी मासोळी. इमारत गेली, शेजार गेला. त्या घरातलं जिवंत असं ताईंकडे एवढंच उरलं होतं.

दादांनी पुष्कळ विचार केला. दोघांची ठेवण वेगळी, रंग वेगळा, म्हणजे एकमेकांना प्रतिस्पर्धी वाटणार नाहीत. एकाला शिंपल्यातलं मांस हवं, दुसरीला पाला. लांबीने जवळजवळ सारखे, त्यात पिवळीला काटे. म्हणजे जोडी जमण्यासारखी होती. फक्त आधी नीट ओळख व्हायला हवी होती, म्हणून मला मध्ये उभं केलं.

पहिल्या आठवड्यात सासरेबुवांनी मला धडका मारून नकोसं केलं. पिवळीची पाचावर धारण बसली. घाबरली की तिच्या अंगावर तपकिरी डाग उमटत, ते दिवसभर जातच नसत. माझ्यावरचं शेवाळ खायलाही ती जवळ येत नसे. दुसऱ्या आठवड्यात धडका कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात थांबल्या. दादा खूश होऊन म्हणाले, "रुळला गडी! काढून टाकू हा पडदा."

मित्रांनो, तो रुळला नव्हता. मीच शेवाळाने हिरवागार झालो होतो आणि त्याला पलीकडचं काही दिसतच नव्हतं!

दिवसभर गिऱ्हाइकांना "काच पुसत जा हो" असं सांगणाऱ्या दादांनी मला मात्र पुसलं नाही. त्यांना वाटलं, दोघींपैकी कुणीतरी पुसत असेल. वहिनींना वाटलं, ताईंच्या माशाच्या बाजूला आपण हात घातला तर त्यांना लुडबुड वाटेल. ताईंना वाटलं, दुसऱ्याच्या घरातली टाकी, आपण कशाला मध्ये पडा. त्या घरात सगळेच फार जपून वागत. चहाचं आधण ठेवायचं तरी ताई आधी विचारत, आणि वहिनी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत. हे सगळं मी बघत होतो. पण मला भोकं दोनशे अठ्ठ्याऐंशी असली, तरी तोंड एकही नाही.

रविवारी सकाळी मला वर ओढलं. मिनिटभरात पिवळीची शेपटी फाटली. दादांनी पाण्यात हात घातला, तर त्यांच्याही अंगठ्याला चावा बसला. कसंबसं मला पुन्हा मध्ये घातलं. ताई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. पदराला हात पुसत एवढंच म्हणाल्या, "मी बघून ठेवलेल्या त्या खोलीचं नक्की करते. पिवळीला घेऊन जाते." मला तेव्हा इतकं वाईट वाटलं, की ते अजून गेलेलं नाही.

वहिनी टाकीशी वाकल्या आणि त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. "अहो, हा तर आंधळा झालाय! ताई, जाऊ नका. आधी इकडे या, बघा हे."

त्या दिवशी दोघींनी टाकीची सगळी मांडणी बदलली. सासरेबुवांना माझ्या मागच्या अरुंद कोपऱ्यात ठेवलं आणि पिवळीला मोठा भाग मोकळा करून दिला. दगड सगळे हलवले, म्हणजे बाहेर आल्यावर 'ही माझी जागा' म्हणायला त्याला काही उरणार नाही. रोज चार वाजता मला पुसायचं ठरलं. त्याला दोन माणसं लागत. एक पुसणार आणि दुसरी मला घट्ट दाबून धरणार, नाहीतर स्वारी फटीतून निसटायची.

हात ओले असले की माणसं मोकळी बोलतात, असा माझा अनुभव आहे. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "खरं सांगू ताई? तुम्ही आल्यापासून मला माझ्याच घरात अवघडल्यासारखं होतं. प्रत्येक गोष्ट विचारून करता."

"अगं, न विचारता केलं तर तुला राग येईल, असं वाटायचं मला."

"विचारलंत की येतो!"

दोघी इतक्या हसल्या, की माझ्यावरची पकड सुटली आणि सासरेबुवांनी नाक बाहेर काढलं.

चोवीस दिवस मी काचेसारखा लख्ख होतो. दोन्ही मासे एकमेकांना दिवसभर बघत. पिवळीची शेपटी भरून आली, डाग गेले. मग एका दुपारी मला पुन्हा वर उचललं. सासरेबुवा बाहेर आले, जुनी कपार शोधत फिरले, ती सापडली नाही. मग ते पिवळीकडे वळले. तिने काटे उभे केले, पण जागची हलली नाही. ते घुरघुरले, वळले आणि एक लहानसा दगड हलवायला लागले.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात मला धरण्यात गुंतले होते, म्हणून वहिनींनी उचलला. खोलीवाला विचारत होता, कधी येताय?

"ताईंना खोली नकोय," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

ताई बघतच राहिल्या. "मला विचारायचंस तरी!"

"नाही विचारलं," वहिनी म्हणाल्या.

ताईंनी मला खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

आता मी माळ्यावर असतो. अंगावर धूळ बसते, वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही कधी दोघांच्या मध्ये माझ्यासारखं काही उभं करायची वेळ येईल. अवश्य करा, त्यात काही वाईट नाही. पण रोज पुसत जा. आणि काढायची वेळ आली, की मला काय वाटेल याचा विचार न करता काढून टाका.