पिंजऱ्यातल्या शेंगा

अरे ये, बस इथं खाटेवर. तुले आज एका बाईची गोष्ट सांगतो. बाई म्हंजे माकडीण, पण आत्ताच हासू नको. ऐकून घे, मंग हासाचं त हास.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्सं झाली असतीन. मी, कडूबा, सोनाळ्यात अर्जुनरावच्या संत्र्याच्या बागेत रखवालदार. सातपुडा हाकेवर. तिथून लाल तोंडाच्या माकडांचं टोळकं उतरे, अन् त्या टोळक्याची कारभारीण एक माकडीण. मी तिले बाई म्हणो. आता पाय, दोन माणसं झोपडीत गेले अन् एकच बाहीर आला, त ती झाडावरून उतरे नाही. दुसरा आत हाये, हे तिले समजे! फाटकाले तार बांधली, त दिवसभर बसून तिनं पाह्यलं, मी कसा सोडतो ते. दुसऱ्या दिवशी तार खाली अन् फाटक सताड उघडं.

गोफण मारून मारून माहा खांदा उतरला. मंग म्या गोफण ठेवली अन् भुईमुगाच्या शेंगा टाकणं सुरू केलं. बाई शेंगा खाये अन् टोळक्याले बागेच्या वरच्या कोपऱ्यातच ठेवे. खालची बाग माही, वरची चार झाडं तिची. असा आमचा करार. पुढं पुढं ती माह्या हातातून शेंग घ्याले लागली. दोन बोटानं, सोनार नथ उचलते तशी.

अर्जुनरावले हा करार पटला नाही. त्याईनं मलकापूरचा निजाम बलावला. निजामचा धंदाच माकडं धराचा. तवा माकडं रेल्वेनं मुंबईले जात, अन् तिथून परदेशात, डाक्टर लोकाईच्या कामासाठी. त्यानं बागेत खोलीएवढा पिंजरा मांडला. दार वर टांगलेलं, त्याचा दोर दूर झुडपात निजामच्या हाती. बाई आली. पिंजऱ्याकडं पाह्यलंबी नाही. दोराच्या कडंकडंनं चालत सीधी झुडपात गेली अन् लपलेल्या निजामच्या समोर बसली!

निजाम हासून हासून थकला. "मालक, ये माकडीण नाही, वकील हाये वकील. हिले सोडून द्या."

"सोडून कशी द्याची?" अर्जुनराव म्हणे. "कडूबा, तुह्या हातचं खाते ना ती? तू बस पिंजऱ्यात."

"मी?"

"मंग काय मी बसू? बाग नाही वाचली त रखवालदार कशाले पाहिजे मले?"

घरी कोकिळा, माही बायको, दोन जिवाची व्हती. बसलो.

तीन दिवस पिंजऱ्यात बसून शेंगा खाल्ल्या. निजाम म्हणे, "कडूबा, मी जनावर भुकेवर धरतो. असं बसून कोणाले नाही धरलं." चौथ्या दिवशी बाई आत आली. पोटाशी पिल्लू. माह्या गुडघ्याजवळ बसली, अन् ती बसली म्हणून मागून पंधरा-वीस जण आले. मी आळस देत उठलो अन् बाहीर आलो. दार पडलं.

कोणी ओरडलं, कोणी गजावर डोकं आपटलं. बाई ओरडली नाही. मी कुठं उभा हाये, तेवढं पाहत राह्यली.

चैताचं ऊन, अन् मलकापूरचा ट्रक दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या सकाळी पिल्लू मेलं. आता आमच्या गावाची रीत पाय. माकड मेलं की माणसासारखं नेतात. मारुतीचा वंश ना! उकंडराव पाटलानं दवंडी देली. एवढुशी तिरडी बांधली. टाळ आले, गुलाल आला. पण मयत बाईच्या कुशीत, अन् बाई कोणाले हात लावू देये ना. उकंडरावले त चावलीच.

"कडूबा, तू घाल हात," पाटील म्हणे.

म्या गजातून हात घातला. बाईनं हुंगला, एक एक बोट पाह्यलं. मंग जित्त्या लेकराची सावरतात तशी पिल्लाची मान सावरून त्याले माह्या हातावर ठेवलं.

"जय बजरंगबली!" सारं गाव ओरडलं.

सुभद्राबाई म्हणून एक म्हातारी व्हती, गावातल्या मयताले आंघोळ घालणारी. तिनं पिल्लाले पाणी घातलं अन् उठून म्हणे, "आता मायले सोडा बे. माय पिंजऱ्यात, अन् तुमी इथं टाळ कुटता?"

"काकू, मेलेलं देवाचं," उकंडराव म्हणे. "जित्त्याचा सौदा झाला."

"म्हंजे देव व्हयाले तिनंबी मरावं का?"

पाटील गुलाल झटकत बसला. निजाम हळूच म्हणे, "पाटील, ट्रक आला, पण आज सुतक हाये तुमचं. उद्या भरू का?"

"माल भराले सुतक नसते," अर्जुनराव म्हणे.

म्या टक्कल केलं, पिल्लू मारुतीच्या मागं पुरलं, अन् तसाच ट्रकात बसलो. बाई काही खाये ना. माह्या हातचं खाईन असं साऱ्याईले वाटे.

मलकापूरच्या मालधक्क्यावर पिंजरे उतरवले. बाईचा आता येगळा लहान पिंजरा, साधी कडी. म्या शेंगा देल्या. तिनं घेतल्या अन् खाली टाकल्या. हात पुन्हा बाहीर. पुन्हा देल्या, पुन्हा टाकल्या. हात बाहीरच, तळवा वर.

मंग माह्या डोक्यात उजेड पडला. टोळक्यात एकीचं लेकरू दुसरी घेते. माय चरून येते, हात पुढं करते, दुसरी परत देते. अरे, तिनं मले मयत नव्हती देली. लेकरू धराले देलं व्हतं.

निजामनं तो हात पाह्यला. म्हणे, "मी बिडी ओढून येतो. पिंजऱ्यात कोण हाये अन् कोण नाही, मले दुरून दिसत नाही." पाठ करून गेला.

माहा हात कडीवर गेला. लोखंड तापलेलं. पाच पावलावर कडूनिंबाची झाडं. डोळ्यापुढं अर्जुनराव आला, कोकिळेचं पोट आलं. गाडीनं शिटी देली. म्या हात काढून घेतला.

बाईचा हात तसाच व्हता, डब्यात चढवेपर्यंत. निजाम आला. पिंजऱ्याकडं पाह्यलं. माह्याकडं नाही पाह्यलं, त्या दिवशी नाही अन् मंग कधीच नाही.

आता मारुतीच्या मागं, पिल्लू पुरलं तिथं, ओटा हाये. बाया नारळ फोडतात, तान्ही लेकरं ओट्यावर ठेवतात. गाव सांगते, माकडिणीनं सारा गाव सोडून कडूबाच्याच हातात लेकरू देलं, एवढा भला माणूस. माह्या पायाले हात लावतात बे लोक! अन् म्या आजवर एकालेबी रोखलं नाही.

तू आता चार ठिकाणी हे सांगशीलच. सांग. पण माहं एक ऐक: पिल्लू हातावर ठेवलं, तिथून सुरू करू नको. पिंजऱ्यात मी बसलो व्हतो, ते पहिले सांग.