अजून जेवलो न्हाई

मन्मथनं तुणतुण्याची खुंटी पिळली, तार एकदा छेडून बघितली आणि शेजारच्या बिभीषणाच्या अंगावर ओरडला,

"बहिरा हायस का बे?"

"न्हाई," ढोलकीवरचा हात न थांबवता बिभीषण म्हणाला, "अजून जेवलो न्हाई."

समोर खुर्च्यांवर बसलेले निवड समितीचे तिघे हसले. हसणारच की! तेवीस वर्षं या एका वाक्यावर आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंतच्या जत्रा पोट धरून हसल्या होत्या. तंबूतल्या मोठ्या खेळात नटनट्या कपडे बदलत, तेवढ्या वेळात ही जोडी पडद्यापुढे यायची. मन्मथ गाऊन विचारायचा आणि बहिरा बिभीषण भलतंच उत्तर द्यायचा. मोठा खेळ लोक विसरायचे, हे दोघं मात्र ध्यानात राहायचे. मग पाटोद्याच्या बाजारातसुद्धा घरोघर केबलच्या तारा गेल्या आणि मालकानं तंबू मोडीत काढला. आता उरलं होतं ते एवढंच, साक्षरता अभियानाचं कलापथक. निवड झाली तर दोन वर्षं गावोगाव खेळ. नाही झाली तर पन्नाशीत दोघांनी ऊसतोडीला जायचं.

खेळाचा शेवट आला. मन्मथनं बिभीषणाकडे पाठ केली आणि ओठातल्या ओठात पुटपुटला, "जेवायला वाढलंय." इतका वेळ ठार बहिरा असलेला गडी हे ऐकून टुणकन उडी मारायचा, तिथंच तंबू डोक्यावर घेतला जायचा.

उडी पडली नाही. ढोलकी आपली चालूच. मन्मथ पुन्हा पुटपुटला. शेवटी तो वैतागून वळला, तेव्हा कुठं बिभीषण उडाला. तिघे पुन्हा हसले. लेकाचा मुद्दाम हशाची जागा ताणतोय, मन्मथच्या मनात आलं. आजच्या दिवशी हे कशाला करायचं?

"छान," मधल्या बाई म्हणाल्या. "पण बहिऱ्याची थट्टा सरकारी कार्यक्रमात नको. ही नवीन संहिता घ्या. तासाभरात पाठ करून या. आणि मन्मथ आप्पा, तुमचा गळा चांगला आहे. यांना नाही जमलं तर आमच्याकडे दुसरा जोडीदार आहे."

बिभीषण ढोलकीची दोरी सोडवत होता. त्यानं मान वर केली नाही.

दोघं अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसले. बिभीषणाला अक्षर येत नव्हतं. पण त्याचं डोकं असं की मन्मथनं दोनदा वाचून दाखवलं की अख्खा वग पाठ. तो समोर मांडी घालून बसला.

"वाच."

"गावात अभियान आलंय, बिभीषणा."

"बियाणं? कापसाचं का?"

मन्मथला हसू फुटलं. "हे भारी हाय. पण बहिऱ्याचं काढायचं म्हणल्यात बाई."

बिभीषण हसला नाही. कपाळाला आठ्या घालून तो मन्मथच्या तोंडाकडे बघत होता. "बियाणंच म्हणलास न्हवं?"

मन्मथनं कागद तोंडासमोर धरला आणि त्याच्याआडून चांगलं मोठ्यानं विचारलं, "चहा घेतो का?"

 कागद खाली केला तर बिभीषण तसाच, पुढच्या ओळीची वाट बघत बसलेला.

दोन वर्षांपासून कडूबाई, बिभीषणाची बायको, सांगत होती, "भावजी, यांना ऐकू येत न्हाई वो." आणि मन्मथ दर वेळी हसत होता. गावही हसत होतं. आख्ख्या जिल्ह्यात या एका माणसाचं बहिरेपण कुणाला खरं वाटणार नव्हतं. मन्मथला स्वतःची लाज वाटली. 

"कवापास्नं?" त्यानं ओठ सावकाश हलवत विचारलं.

बिभीषणानं नजर काढून घेतली. जमिनीवरची एक काडी उचलून मोडली.

"तंबू होता तवापास्नं. तुजं तोंड दिसलं की जमतंय. पाठ फिरवलीस की न्हाई जमत." मग म्हणाला, "तू जा त्यांच्यासंगं. माजं बघतो मी. घरात कोयता हाय."

 कागद मन्मथच्या मांडीवर पडून राहिला. एका ओळीचंही पाठांतर झालं नाही.

तास भरला. शिपाई दारात आला.

"मन्मथ आप्पा! बाई बोलवायल्यात. दुसरा जोडीदार आलाय, तुमी एकटेच या म्हणल्यात."

बिभीषणाची दाराकडे पाठ होती. मन्मथचं तोंड दाराकडेच होतं. तो तुणतुण्याची खुंटी पिळत राहिला.

"आप्पा, ओ आप्पा!"

मन्मथनं तार छेडली.

शिपाई चपला फटफटवत लिंबाखाली आला आणि त्याच्यापुढं उभा राहिला. "कवाधरनं ओरडायलोय. बहिरे हाव का?"

मन्मथनं शांतपणे वर बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला, "अजून जेवलो न्हाई."

 शिपाई हात झटकून आत गेला.

बिभीषण मन्मथच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं ढोलकी जवळ ओढली.

"ते माजं हाय," तो म्हणाला.