खिशातला डॉलर

"डॉलरवरच्या बाईचं नाक झिजून गेलंय," नाण्यांचा व्यापारी व्हर्जिल म्हणाला. भिंग त्याने डोळ्यावरून काढलं नाही.

"माझं तर दोनदा फुटलं," ओरिन पास्को म्हणाला. "ती निदान कुरकुर करत नाही."

टेबलाभोवतीचे दोघे-तिघे हसले. व्हर्जिल हसला नाही. ब्यूटमधल्या खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरला होता. ज्या टेबलांवर कधी काळी संपाची मतं मोजली, त्यांवर आता निळी मखमल अंथरली होती आणि मखमलीवर चांदीचे डॉलर. कामगार उरले नाहीत म्हणून हॉल भाड्याने मिळतो.

ओरिनचा जन्म तांब्याच्या खाणीत पंप दुरुस्त करण्यात गेला. त्याची बायको लोइस वसंतात वारली. तिच्या कबरीवर अजून पत्र्याची तात्पुरती पाटी होती. जमीन गोठायच्या आत तिथे दगड बसवायचा, एवढ्यासाठी तो हा डॉलर घेऊन आला होता.

शेजारी धाकटा भाऊ ग्लेन उभा होता, स्पोकेनहून आलेला. त्याच्या डॉलरचा सौदा नुकताच उरकला होता. तो हातात घेताना व्हर्जिलने श्वाससुद्धा रोखला होता, फक्त कडेला धरून उलटापालटा केला होता. "अठराशे एकोणनव्वद, कार्सन सिटीची टाकसाळ! आणि याला हातच लागलेला नाही!" मग त्याने नव्या पिकअप ट्रकच्या किमतीचा चेक फाडून दिला.

"मी तर विसरूनच गेलो होतो रे," ग्लेन चेकची घडी घालत म्हणाला. "मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं."

दोन्ही डॉलर एकाच कागदी गुंडाळीतून निघालेले. त्या काळी ब्यूटमध्ये कागदी नोट कुणी हातात धरत नसे. पगार चांदीत, दारू चांदीत, पँटचे खिसे लोंबलेले. बापाने बँकेतून आणलेली गुंडाळी फोडली आणि दोन्ही पोरांना एकेक दिला. ओरिनला म्हणाला, "खिशात ठेव. खाली उतरताना सोबत लागते." ओरिनने ऐकलं. हीच त्याची चूक.

"हाही त्यातलाच आहे," ओरिन म्हणाला. "विचारा याला."

"असेल हो. पण टाकसाळीची अक्षरं मागच्या बाजूला, गरुडाच्या खाली असतात. इथे तर ठोकून सपाट झालंय. काय केलंत काय हे?"

"पंप थरथरत होता. फटीत पाचर मारायला दुसरं काही हाताशी नव्हतं. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. हाच ठोकला आत."

"डॉलर ठोकलात?"

"मग काय माणसं बुडू द्यायची?"

व्हर्जिलने नाणं फिरवलं. "आणि हा कडेचा डाग?"

"पोराची बेंबी बाहेर आली होती. लोइसने डॉलर ठेवून वर चिकटपट्टी लावली. हिवाळाभर होता तो पोराच्या पोटावर."

"गाल तर पार गुळगुळीत."

"तो माझा अंगठा. खाणीत उतरायचा पाळणा सुटला की फिरायला लागायचा."

व्हर्जिलने भिंग खाली ठेवलं. "पास्को, शब्दावर नाणं विकता येत नाही. चांदीचा भाव देतो. खिमा भरलेल्या दोन पास्ट्या आणि एक बिअर येईल."

"ड्रॉवरमध्ये राहिला असता तर?"

"तर तुम्हालाही ट्रक."

ही त्या धंद्याची अक्कल. जे कुणाच्या कामाला आलं नाही, ज्याला घाम लागला नाही, ज्याची कुणाला आठवणही नव्हती, त्याला मखमल. ज्याने खाणीतलं पाणी थोपवलं आणि पोराचं पोट सांभाळलं, ते भंगार. माणसांचंही हे लोक असंच करतात. फक्त माणसाला भिंग लावायची तसदी घेत नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर ग्लेनने ओरिनचा दंड धरला. "दगडाचं मी बघतो. आता आहेत माझ्याकडे."

"तिला पुरताना कुठे होतास?"

"फुलं पाठवली होती की!"

"पोचली. तेवढं पुरे."

"हट्टी म्हाताऱ्या, तिच्यासाठी तरी घे!"

"तिच्यासाठीच नको म्हणतोय," ओरिन म्हणाला आणि डॉलर खिशात टाकून चालू लागला.

घरी त्याने फळ्यांची चौकट ठोकली, सिमेंट कालवलं. ओलं असतानाच खिळ्याने लोइसचं नाव कोरलं. अक्षरं तिरकी आली. नावाखाली त्याने डॉलर दाबून बसवला, बाईचा चेहरा वर.

दफनभूमीच्या राखणदाराने तो दगड बसवायला हात लावला. मग वाकून बघितलं.

"अहो, हा डॉलर खरा दिसतोय. कुणी उचकटून नेईल."

"नेऊ दे. चांदीचाच भाव मिळेल त्याला."

राखणदार पत्र्याची पाटी काखेत मारून निघून गेला. वारा बोचरा होता. ओरिन तिथेच उभा राहिला. त्याचा हात खिशात गेला होता आणि आत, नुसत्या अस्तरावर, अंगठा फिरत होता.